माळ घातल्यावर तिसऱ्या रात्री

रात्री सव्वादोनला वैनींचा फोन आला. "अक्का, हे उठून बसलेत आणि रस ओतूलालेत." मला आधी काही कळेना. मागून त्यांचा आवाज आला, मोठ्यानं, दटावणीचा: "सरक रे, सरक, लॅडल येतंय!"

मी पोचले तेव्हा सोप्यात सातआठ माणसं जमली होती. मधोमध अण्णा. दोन्ही मुठी दांडा धरल्यासारख्या आवळलेल्या, बनियन घामानं चिंब, अंग थरथरतंय. पायाखाली बघत ते मोजून चार पावलं पुढं जायचे, वाकायचे, हातात नसलेलं लॅडल, म्हणजे धातूचा रस ओतायचं भांडं, तिरकं करायचे, मागं यायचे. मध्येच थांबून भिंतीवरच्या मुंग्या वेचायचे आणि चिमटीत धरून वैनींना दाखवायचे. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. कपाळाला अंगारा, गळ्यात नवी तुळशीची माळ. एक म्हातारी म्हणाली, "माळ बाधली. पाळायला जमत न्हाई त्यानं घालू नये." सकाळी देवर्षी आणायचं आधीच ठरलं होतं.

तीन दिवसांपूर्वी गावच्या पारायणात सगळ्यांच्या देखत त्यांनी ती माळ घातली होती, आणि त्यानंतर दारूचा थेंब घेतला नव्हता. रोजच्या तीन क्वार्टरवरून एकदम शून्यावर. गावाला जे बाहेरचं वाटत होतं ते दारू प्याल्यानं झालं नव्हतं, दारू एकाएकी थांबवल्यानं झालं होतं.

हे प्रकरण मी त्या रात्रीपासून सुरू करते, कारण आपल्याकडच्या कितीतरी घरांत व्यसनाबद्दलची सगळी समजूत 'सोडणं' या एका शब्दावर उभी आहे. सोडली की झालं, आणि सुटली नाही तर माणूसच हलक्या काळजाचा. अण्णांच्या बाबतीत सोडणं जिवावर बेतलं, आणि खरा आजार काय आहे ते सुटल्यानंतरच आम्हाला दिसायला लागलं.

मी बेळगावात व्यसन समुपदेशनाचं काम करते. अण्णा आणि वैनी दोघांनी हे लिहायला संमती दिली आहे. घरात आणि कारखान्यात त्यांना अण्णाच म्हणतात, तेवढं नाव पुरे. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत.

त्या रात्री शरीरात काय चाललं होतं

दारू मेंदूला मंदावते. वर्षानुवर्षं रोज मंदावणारं काही आत येत राहिलं की मेंदू काम चालू ठेवण्यासाठी उलट दिशेनं जोर लावतो. शांत करणारी गाबाची यंत्रणा बोथट होते, चेतवणारी ग्लुटामेटची यंत्रणा वाढते. बाहेरून कुणी दार रेटतंय आणि आपण आतून खांदा लावून उभे आहोत असं समजा. बाहेरच्यानं एकदम हात काढला की आपणच तोंडावर पडतो. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात कापायला लागतात, घाम सुटतो, मळमळतं, झोप उडते. साधारण ६ ते ४८ तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काही जणांना डिलिरियम ट्रेमेन्स होतं: भान हरपतं, नसलेलं दिसतं, नाडी आणि रक्तदाब चढतो, ताप येतो. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो.

रोजचं काम भ्रमात करत राहणं हे याचं जुनं, ओळखीचं लक्षण. वडगावचा एक विणकर पलंगावर बसून रात्रभर धोटा फेकल्यासारखा हात हलवत होता, तो मला अजून आठवतो. अण्णा बावीस वर्षं बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत ओतकाम करतात, म्हणून ते रस ओतत होते.

फिटही येऊन गेली होती, हे नंतर कळलं. माळ घातल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्हाणीत ते कडक होऊन पडले होते. घरच्यांनी उपवासाची भोवळ म्हणून लिंबूपाणी दिलं. ही सगळी प्रेमाचीच माणसं. त्यांना एवढंच कुणी सांगितलेलं नव्हतं की रोज सकाळपासून पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका झटक्यात तोडायची नसते.

त्या रात्री इस्पितळात नेताना वाटेत अण्णांच्या थोरल्या भावानं एका दवाखान्यापाशी गाडी थांबवायला सांगितलं. "सलाईन लावू, तरतरी येईल." मी थांबू दिलं नाही, आणि ते का ते इथं लिहून ठेवते. दारूवर जगणाऱ्या शरीरात थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. ते न देता आधी ग्लुकोज चढवलं तर उरलासुरला साठाही खर्ची पडतो आणि मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते. इस्पितळात आधी थायमिनचं इंजेक्शन दिलं, मग मेंदूला शांत करणारं लोराझेपाम, आणि त्याचा डोस रोज थोडा थोडा कमी करत नेला. चौथ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला विचारलं, "मी कुणाला काय बोललो काय?" त्यांना काहीही आठवत नव्हतं.

आधीची वीस वर्षं

माच्छ्याच्या पुढं गाव, दोन एकर भात, आणि वयाच्या विसाव्या वर्षापासून फाउंड्री. पहिल्यांदा पाजली ती तिथल्याच जुन्या माणसांनी. भट्टीपुढं आठ तास उभं राहिल्यावर अंग ठणकायचं आणि पाकिटातली सारायी, म्हणजे देशी दारू, स्वस्त होती. १ जुलै २००७ ला कर्नाटकात सारायीवर बंदी आली, तेव्हा अण्णांनी बारा दिवस काही घेतलं नाही. ते बारा दिवस ते आजही अभिमानानं सांगतात. तेराव्या दिवशी स्वस्त व्हिस्कीची नाईन्टी घेतली. बंदीनं काही घरं सावरली असतील, मी ते नाकारत नाही. अण्णांचं मात्र पाकीट बदललं, बाकी काही नाही.

पुढं नाईन्टीची क्वार्टर झाली, एकीच्या दोन झाल्या. "चढतच न्हाई की," असं ते मित्रांना फुशारकीनं सांगायचे. ती फुशारकी नव्हती, मेंदूनं आतून लावलेला तोच जोर होता. एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. २०२० च्या टाळेबंदीत दुकानं बंद झाली तेव्हा सकाळी हात इतके कापायला लागले की बशीतला चहा सांडायचा. मग हातभट्टी शोधली, आणि सकाळची पहिली नाईन्टी तेव्हापासून लागली. या वळणाकडं घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून बघावं असं मला वाटतं. सकाळी हात स्थिर करायला जो पितो त्याचं पिणं मजेचं राहिलेलं नसतं, तो आजार दूर ठेवायला पीत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणात अवलंबित्वाच्या सहा खुणा दिल्या आहेत. वर्षभरात त्यांतल्या तीन दिसल्या तरी निदान होतं. अण्णांमध्ये सहाही होत्या. आणि त्या वीस वर्षांत दारूसाठी म्हणून ते एकदाही डॉक्टरकडं गेले नव्हते. यात ते एकटे नाहीत. 'एम्स'नं केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांमागं जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळालेले आढळले. बाकीचे सदतीस काय करतात? आमच्या भागात ते आणाभाका घेतात. अण्णांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतली, सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लमापुढं घेतली, आईच्या बाराव्याला घेतली. प्रत्येक वेळी मनापासून. दर वेळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी शरीर असं काही उठायचं की आण मोडायची, आणि मोडलेल्या आणेचं ओझं घेऊन ते आणखी प्यायचे.

चहाची गोष्ट

या घरात सर्वांत खोल जखम कशानं झाली असेल तर ती एका चांगल्या हेतूनं दिलेल्या गोळीनं.

नात्यातल्या कुणीतरी वैनींना सांगितलं, एक गोळी मिळते, कुटून चहात घाल, त्याला कळायचंसुद्धा नाही, आपोआप किळस येईल. ती गोळी डायसल्फिरामची. हिचा परिणाम डेन्मार्कमध्ये १९४० च्या दशकात लक्षात आला आणि आजही ती उपयोगी आहे, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याला पूर्ण सांगून. ती दारूचं शरीरातलं विघटन अर्ध्यात अडवते. वर दारू पडली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो, क्वचित जीवही जातो.

अण्णा त्या दुपारी फाउंड्रीच्या दारात कोसळले. सोबत्यांना वाटलं हार्ट अटॅक. दोन दिवसांनी डब्याच्या मागं गोळ्यांची पट्टी त्यांना सापडली. त्यानंतर दीड वर्ष त्यांनी घरात चहा घेतला नाही, आणि जेवायला बसले की पहिला घास वैनींना खायला लावायचे. वैनी हे मला सांगत होत्या तेव्हा हातातल्या पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या, सोडत होत्या, पुन्हा मारत होत्या. "मी विष घालूलाले म्हणून पोरांपुढं बोलले ते," एवढंच म्हणाल्या.

त्यांचा दोष काढायला मी हे लिहीत नाही. नवऱ्याला वाचवायला दुसरं काहीच हातात नसलेल्या बाईनं हातात आलं ते केलं. पण अशा चोरून दिलेल्या गोळ्या आजही कितीतरी घरांत चहाच्या कपात पडताहेत. त्यात जिवाला धोका आहेच. शिवाय ज्या एका माणसावर पुढं सगळी भिस्त ठेवायची असते, त्याच्यावरचाच विश्वास त्यात जातो.

माझी चूक

पहिल्या वेळी सहाव्या दिवशी अण्णा घरी गेले. चेहऱ्यावर तेज, गळ्यात माळ. मीही खूश झाले. पुढच्या भेटीची तारीख मी ठरवून दिली नाही. "काही वाटलं तर या," म्हटलं. आज मला हे वाक्य बोचतं. ज्या आजाराचं लक्षणच लपवणं आहे, त्या आजाराच्या माणसाला मी लक्षण दिसल्यावर या म्हणून सांगितलं.

सात आठवडे चांगले गेले. मग सोबत काम करणाऱ्याच्या वडिलांची माती झाली. स्मशानातून येताना चौघं थांबले, त्यांनी एक नाईन्टी घेतली. फक्त एक. त्या रात्री घरी येऊन त्यांनी माळ काढून देवळीत ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून अकरा दिवस प्यायले.

त्या एका नाईन्टीत आणि अकरा दिवसांत जे अंतर आहे, त्यावर आम्ही पुढं कितीतरी तास बोललो. "माळ तुटली अक्का, मग राखायचं काय राहिलं?" असं ते म्हणायचे. ॲलन मार्लाट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास केला होता: एकदा पाय घसरला की माणूस स्वतःला सांगतो, मी मोडलो, मी असलाच आहे, आणि त्या लाजेतून घसरण्याचं कोसळणं होतं. आणेची गोम हीच आहे. आण अखंड तरी असते, नाहीतर मोडलेली. मधली जागा तिच्यात नाही. आणि व्यसनातून बाहेर येणाऱ्याची बहुतेक वर्षं त्या मधल्या जागेतच जातात. उच्च रक्तदाब, दमा यांसारख्या दीर्घ आजारांत जितक्या जणांचं दुखणं उलटतं, साधारण तितक्याच जणांचं व्यसनातही उलटतं. रक्तदाब वाढला म्हणून कुणी कुणाला नालायक ठरवत नाही.

दुसऱ्यांदा

थोरल्या भावाचा धीर सुटला होता. एका ठिकाणची गाडी बोलवायची, चार माणसं येतात, बांधून नेतात, तीन महिने कोंडतात, असं त्यांनी ठरवलं होतं. मी त्यांच्यासमोर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मांडला. दारू आणि अमली पदार्थांशी निगडित विकार त्यात मानसिक आजारांत धरले आहेत. नोंदणी नसलेल्या ठिकाणी ठेवता येत नाही, साखळीनं बांधायला बंदी आहे. माणसाची स्वतःची तयारी नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाची आणि आणखी एका तज्ज्ञाची वेगवेगळी तपासणी लागते, आणि तशी भरतीही आधी ३० दिवसांपुरतीच. भाऊ म्हणाले, "कायदा खरा, खरं रात्री दोनला तो दगडं मारतोय तेव्हा मी काय करू?" त्या प्रश्नापुढं मी गप्प बसले. मग दोघांनी मिळून कागदावर लिहिलं: रात्री कुणाला फोन करायचा, गाडी कुणाची, पोरांना कुणाच्या घरी न्यायचं. खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक, १४४१६. तो कागद अजून त्यांच्या फ्रिजच्या दाराला आहे.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं ते काम मोठंच आहे. पण अण्णांना तेवढी रजा नव्हती. धारवाडचं डिमहान्स, मानसिक आरोग्याचं इस्पितळ, दीड-दोन तासांवर. तिथं दाखल होऊन दारू उतरवली, या वेळी पहिल्या दिवसापासून औषधाखाली, कारण दर वेळचं एकाएकी थांबणं मेंदूला पुढच्या वेळी जास्त पेटवतं. यकृताचा अहवाल बरा नव्हता, म्हणून डॉक्टरांनी डायसल्फिराम टाळून ओढ कमी करणारं अकॅम्प्रोसेट दिलं. रोज तीनदा दोन-दोन गोळ्या. दुपारच्या नेहमी चुकायच्या, मग वैनींनी त्या डब्याच्या झाकणाला चिकटवायला सुरुवात केली. उघड्यावर, दिसतील अशा. गोळी म्हटलं की त्या घरात काय आठवतं हे लक्षात घेतलं तर झाकणावरचा तो चिकटपट्टीचा तुकडा मला फार मोठा वाटला.

धारवाडचे डॉक्टर कन्नडात बोलायचे. अण्णांना कन्नड उत्तम येतं, उद्यमबागेत दिवसभर तेच. विचारलं की ते नीट उत्तर द्यायचे: "कुडियोदु बिट्टे," पिणं सोडलं. तक्रार काहीच नाही. माझ्यासमोर मराठीत आले की मात्र वेगळं बोलायचे: "पाच वाजले की घशात कायतरी बसतंय." कामाची भाषा आणि लाजेची भाषा वेगळ्या असतात, हे सीमाभागात राहून मला तोवर उमगलं नव्हतं. त्यानंतर डॉक्टरांना काय सांगायचं ते आम्ही आधी मराठीत लिहून काढायला लागलो.

त्या पाच वाजण्यावरच आम्ही सर्वांत जास्त काम केलं. फाउंड्रीच्या फाटकातून बाहेर पडल्यावर एकीकडं पिरनवाडी, माच्छे आणि घर. दुसरीकडं तिसरं रेल्वे गेट, आणि त्या बाजूला त्यांचं ठरलेलं दुकान. मेंदूत ओढ निर्माण करणारं डोपामिन दारू पोटात गेल्यावरच हलतं असं नाही, तिची चाहूल लागल्यावरही हलतं. शिफ्ट सुटल्याचा भोंगा, गाडीचं गेटच्या बाजूला वळणं, दुकानाचा पिवळा दिवा, या सगळ्यांत ते जाऊन बसलेलं असतं. म्हणून निश्चय दुपारी तीनला पक्का असतो आणि सव्वापाचला नसतो. अण्णांनी स्वतःच उपाय काढला. गावातल्या एका पोराला रोज गाडीवर मागं बसवून आणायचं. पोराला सोडायचं असतं, मग गाडी गेटकडं वळतच नाही.

माळेचा प्रश्न राहिला होता. मला वाटत होतं ती देवळीतच राहावी. पुन्हा घातली तर पुन्हा मोडण्याचं ओझं नको. वैनी ऐकेनात. शेवटी ज्यांनी पारायणात माळ घातली होती त्या म्हाताऱ्या बुवांकडं आम्ही तिघं गेलो. अण्णांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. बुवा सुपारी कातरत होते. म्हणाले, "सुतळी तुटली की मणी गोळा करतोस की फेकून देतोस?" आणि माळ घालून वर सांगितलं की पुन्हा घेतलीस तर काढू नको, तशीच घेऊन माझ्याकडं ये. माझ्या सगळ्या तासांनी जे झालं नव्हतं ते त्या एका परवानगीनं झालं.

कालनिर्णयावर अण्णा स्वतः खूण करतात. वैनींनी करायची नाही, हा नियम. पहारेकरीण होण्याचं काम त्यांनी बारा वर्षं केलंय, आता त्यांनी आपली झोप बघावी. त्या दर गुरुवारी इतर बायकांबरोबर आमच्याकडं बसतात आणि तिथं नवऱ्यांविषयी कमी, स्वतःविषयी जास्त बोलतात. कोऱ्या दिवसाला गोल, प्यालेल्या दिवसाला फुली. जानेवारीत सलग तीन फुल्या आहेत. शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या रात्री एक. त्या रात्री त्यांनी अकराला फोन केला, "घेतलो मी. माळ हाय गळ्यात. बुवांकडं उद्या जातो." पूर्वीचे अकरा दिवस आणि ही एक रात्र, यांतला फरक मी प्रगती म्हणून नोंदवला. त्यानंतर सगळे गोल आहेत.

सगळं जुळलेलं नाही. पतसंस्थेचं सोनं अजून सुटायचंय. झोप तुटक आहे. सतरा वर्षांचा मुलगा बापाशी कामापुरतं बोलतो, आणि चहा झाला की कप उचलून आधी वास घेतो. अण्णांनी ते पाहिलंय. त्यांनी विचारलं, काय करू. मी म्हटलं, घेऊ द्या.

पुढच्या शनिवारी बोनस आहे. रक्कम थेट वैनींच्या खात्यात जाणार आहे, तसा अर्ज अण्णांनी स्वतः दिलाय. गाडीवर मागं बसणारा पोरगा त्या दिवशी रजेवर आहे, म्हणून भाऊ पाचला फाटकाशी उभा राहील. साडेपाचला मला फोन यायचा आहे.